राखेनं धुतलेला कोळसा

वणीत राहायला आल्यापासून कपडे वाळत घालणं हा माझा रोजचा वैताग झाला आहे. घरामागच्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक जातात आणि सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी ओढणी संध्याकाळपर्यंत राखाडी होते. शेजारणी ट्रकवाल्यांना शिव्या घालतात, मीही त्यात मनापासून भर घालते. पण आत येऊन खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालं, की माझा राग जरा निवतो. आयुष्यातली सगळ्यात बरी वर्षं मी अशाच काळ्या बोटांनी काढली. तो कोळसा मात्र खाणीतला नव्हता. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाटीच्या काड्यांचा होता आणि त्याच्याकडून मला आमच्या तांड्याचं पाणी धुऊन घ्यायचं होतं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा केळापूरच्या पलीकडे, आत. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आजोबांच्याही आधी कधीतरी बैलांवरचं ओझं उतरलं आणि माणसं शेतीला लागली. घरात आम्ही गोरबोली बोलतो, तांड्याबाहेर वऱ्हाडी. आईला याडी म्हणतो, वडिलांना बा. तांड्याची विहीर उन्हाळ्यात तळ गाठायची, म्हणून मी लहान असताना बोअर मारली, आणि त्या बोअरच्या पाण्यावर याडीचा भारी जीव. पाणी काचेसारखं नितळ, चवीला गोड, आणि तुरीची डाळ चुलीवर ठेवल्या ठेवल्या शिजायची. सोयऱ्यांच्या घरी गेली की याडी तिथल्या डाळीला नावं ठेवायची. "तुमच्या पाण्यात डाय शिजत नाई बाई, आमच्या इकडे या," असं आमंत्रण ती लग्नाच्या मांडवातसुद्धा देत असे.

त्या गोड पाण्यात फ्लोराइड होतं. आमचे सगळ्यांचे दात तपकिरी, त्यांवर आडवे पट्टे. म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेले, काहींच्या माना वळत नसत, हाक मारली की अख्खं अंग वळवून बघायचे. पण त्याचा पाण्याशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात येणार? आम्हाला ते तांड्याचं रंगरूप वाटायचं, एखाद्या घराण्याचं नाक बसकं असतं तसं. यवतमाळला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहाच्या मेसमध्ये पोरी खिदळताना पाहिल्या. त्यांचे दात बघून मला वाटलं, या सगळ्या फार मोठ्या घरच्या असणार. त्यातली एक हमालाची मुलगी निघाली, तेव्हा मी कोड्यात पडले. ते कोडं पुढे एमएस्सीला घरच्या बोअरचं पाणी तपासलं तेव्हा सुटलं.

ज्या उन्हाळ्यात पीएचडीला नाव घातलं, त्याच उन्हाळ्यात भावाला मुलगी झाली. सरांनी मला विषय दिला होता कोळशाचा: शेतातल्या टाकाऊ काड्यांपासून कोळसा करायचा, त्याच्या अंगात बदल घडवायचे आणि पाण्यातले नको ते पदार्थ त्याच्याकडून शोषून घ्यायचे. माझे सर बोलायला रुक्ष, पण विचारलेल्या प्रश्नाला कधी टाळायचे नाहीत. मी बाळाचं विचारलं. ते म्हणाले, आईच्या दुधात फ्लोराइड फारसं उतरत नाही, त्यामुळे अंगावर पिते तोवर ती सुरक्षित. पाणी आणि वरण सुरू झालं की धोका. दुधाचे दात दिसत असतात तेव्हा त्यांच्या मागे हिरडीत पक्के दात घडत असतात. त्या पहिल्या तीन-चार वर्षांत पाणी जसं, तसे समोरचे दात. नंतर अमृत पाजलं तरी डाग निघत नाही.

त्या दिवसापासून माझा विषय कोळसा राहिला नाही. भाचीचे अजून न आलेले दात हाच माझा विषय झाला. तिच्या उष्टावणाच्या आत मला पाणी तयार हवं होतं. भाऊ मात्र चेष्टेला उतरला. "कोयसा उगायावा तितका कायाच म्हन्तेत, अन् तू त त्याच्यावर पीएचडी करून राह्यली," असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

पऱ्हाटी उघड्यावर पेटवली तर तिची राख होते. कोळसा हवा असेल तर हवा कोंडून भाजावी लागते. प्रयोगशाळेतल्या भट्टीत वाटीभरच कोळसा व्हायचा आणि मला तर पोत्यानं हवा होता. म्हणून पांढरकवड्याला वेल्डिंगचं दुकान असलेल्या एका चाचांकडे गेले. त्यांच्या बापजाद्यांपासून लोखंडाचंच काम. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि दुकानामागून तेलाचा जुना ड्रम लोळवत आणला. मी सांगितलं, झाकण अगदी घट्ट बसलं पाहिजे, हवा अजिबात जायला नको. चाचांनी इमानेइतबारे घट्ट बसवलं. तांड्याबाहेरच्या पडीत आम्ही तो पेटवला, चाचा खास बघायला आले होते. थोड्या वेळानं ड्रम कण्हायला लागला आणि मग झाकण असं उडालं की बोरीत बसलेले सगळे पक्षी एकदम उठले. कोळसा होताना आतून वायू निघतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

चाचांनी झाकण शोधून आणलं, फुंकर मारली. म्हणाले, "बेटी, कुकरले बी शिटी राह्यते." मग त्यांनी झाकणाला एक बारीक नळी जोडली. तिच्या तोंडाशी निघणारा धूर पेट घ्यायचा आणि निळसर जाळ तेवत राहायचा. जाळ विझला की समजायचं, कोळसा झाला. त्या धुराचा वास अजून माझ्या नाकात आहे, गूळ करपल्यासारखा, जरा आंबूस. माझ्या केसांना, पुस्तकांना, एसटीतल्या सीटला तो वास लागायचा. वसतिगृहातल्या पोरी नाक धरायच्या. आता कुठे शेतात पऱ्हाटी जळत असली तर मी एसटीची खिडकी मुद्दाम उघडी ठेवते.

पण नुसता कोळसा फ्लोराइडला हातच लावेना. रंग धरायचा, वास धरायचा, फ्लोराइड मात्र जसंच्या तसं पलीकडे निघून जायचं. कोळशाच्या अंगात असंख्य बारीक भोकं असतात. एवढी मोठी धर्मशाळा रिकामी, आणि या पाहुण्याला तिथं मुक्काम करायचा नव्हता. सर म्हणाले, त्याचं ज्याच्याशी सूत जमतं त्याला आत नेऊन बसवा. फ्लोराइडचं सूत ॲल्युमिनियमशी जमतं, आणि ॲल्युमिनियम तुरटीत असतं. मग कोळसा कुटायचा, चाळायचा, तुरटीच्या पाण्यात भिजवायचा. वरून सोड्याचं पाणी हळूहळू घालून तुरटीचा आंबटपणा मोडायचा, म्हणजे तिचा पातळसा लेप कोळशाच्या भोकाभोकांत बसतो. मग धुवायचा आणि सुकवायचा. कधी लेप जाड व्हायचा आणि भोकं बुजायची, कधी पाण्याबरोबर वाहून जायचा. जमेपर्यंत हिवाळा लागला होता.

फ्लोराइड बघायचं किट सोपं असतं. पाण्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर पाणी ठीक, पिवळं पडलं तर फ्लोराइड जास्त. बोअरचं पाणी पिवळं पडायचं. ज्या दिवशी कोळशातून आलेलं तेच पाणी गुलाबी राहिलं, त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारामागे उभी राहून रडले. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून चहा सांगितला.

उष्टावणाच्या आधी घरात फिल्टर बसला. एकावर एक दोन माठ, वरच्यात खडी, वाळू आणि मधे माझा कोळसा. याडीनं तो ठेवून घेतला, पण तिची श्रद्धा बोअरवरच. "पान्यात काय हाय? मले त काई दिसत नाई," असं ती म्हणायची. तिला न दिसणारी गोष्ट तिच्याच मानेत बसली होती, हे मी तिला सांगू शकले नाही. तरी नातीची पेज आणि वरण तिनं फिल्टरच्याच पाण्यात शिजवलं. डाळ उशिरा शिजते म्हणून रोज कुरकुरली, पण शिजवलं. पाहता पाहता तांड्यातल्या इतर लेकुरवाळ्यांनीही माठ मागून नेले.

अडचण पुढेच होती. काही महिन्यांत धर्मशाळा भरून जायची आणि किट पुन्हा पिवळं पडायला लागायचं. कोळसा धुतला की परत चालतो, पण धुवायला लागतो कॉस्टिक सोडा. तो हातावर पडला तर कातडी सोलते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. रांगती पोरं असलेल्या घरात तो मी ठेवणार कसा? मग मी भरलेला कोळसा सिमेंटच्या पोत्यात घालून एसटीनं यवतमाळला न्यायची, धुवायची आणि परत आणायची. त्या गाडीचा कंडक्टर मला ओळखायला लागला होता. "बाई, लोकं वणीहून कोयसा आनतेत, तुम्ही कुठी नेऊन राह्यल्या?" असं विचारायचा. दोन-तीन घरांचं असं रेटलं, पण तांड्यात माठ वाढत चालले आणि मला उमगलं, मी हे आयुष्यभर वाहून नेऊ शकत नाही. मी थांबले की पाणी थांबणार, आणि भाचीचे दात अजून घडायचेच होते. सरांनीही सांगून टाकलं की असला फिल्टर प्रबंधात चालेल, घरात चालणार नाही.

अशात श्रावण आला आणि तीज आली. आमच्यात तीज म्हणजे पोरींचा सण. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि गव्हाचे पिवळे कोंब हातभर झाले की वाजतगाजत बोळवण करतात. बाहेर शिकणाऱ्या, कामाला गेलेल्या पोरी तेवढ्यासाठी परत येतात. मीही गेले. भाची तेव्हा बोबडं बोलायची आणि गव्हाच्या टोपलीवर एवढं पाणी ओतायची की गहू तरंगायला लागे.

हातपाय धुऊन मी सवयीनं फिल्टरचं पाणी तपासायला घेतलं. ते बोटांना बुळबुळीत लागलं. आधी आंबट औषध घालून त्यातला खार मोडला, नाहीतर किट फसवतं. मग लाल थेंब टाकले. पाणी पिवळं पडलं. बोअरच्या पाण्याहूनही पिवळं.

"याडी, याच्यातल्या कोयशाले कोनी हात लावला?"

"मीच धुतले. तीज आली न. सारं घर घासून काढलं, मंग थेच एकटे काहून मयकट ठेवू?"

"कशानं धुतले?"

"राखीनं. भांडे कशानं धुतेत?"

आमच्याकडे सणाच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू चुलीच्या राखेनं घासली जाते. माठ, घंगाळ, दाराच्या कड्यासुद्धा. याडीनं तर मांजर हाती लागलं असतं तर तेही घासलं असतं. तिनं माठ उपसून कोळसा राखेच्या पाण्यात चोळचोळून धुतला होता, निथळून पुन्हा भरला होता, आणि दोन-तीन दिवस नात तेच पाणी पीत होती.

मी भडकले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण भाऊ शेतातून आला तो माझा आवाज ऐकून. याडी मुळीच दबली नाही. "कोयशाची मास्तरीन झाली अन् राखीले भेली. कोयसा जयला का राखच होते न?" असं म्हणून तिनं मला पाठ दाखवली. वहिनीनं पोरीला उचलून आत नेलं. मला खात्री होती की लेप धुऊन गेला, फिल्टर मेला, आणि आता मला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं आहे.

ओट्याखाली घमेल्यात ते धुतलेलं राखेचं काळपट पाणी अजून होतं. अंगण सारवायला लागेल म्हणून याडीनं जपून ठेवलेलं. त्यात काय काय उतरलंय ते बघावं म्हणून मी ते गाळलं, आंबट औषधानं त्याचाही खार मोडला आणि थेंब टाकले. थेंब पुरते पसरायच्या आत पाणी पिवळंजर्द झालं. मी तिथेच फरशीवर बसले. महिनोन्‌महिने कोळशात साठलेलं फ्लोराइड त्या घमेल्यात उतरलं होतं. राखेच्या पाण्यात खार असतो, कॉस्टिकसारखा, पण हात जाळण्याइतका नाही. आंबट औषध घातल्यावर लेपाचा पांढरा साका दिसला नव्हता, म्हणजे लेप जागेवर होता. धर्मशाळा रिकामी झाली होती, फक्त मागून कोणी झाडलोट केली नव्हती. राखेचा खार तसाच राहिला, म्हणून नवा पाहुणा आत येईना आणि उरलासुरला जुना बाहेर पडत होता.

मी कोळसा पुन्हा उपसला. बुळबुळीतपणा जाईस्तोवर धुतला. मग बाच्या दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा घेतला, पाण्यात फिरवला आणि त्या पाण्यात कोळसा रात्रभर ठेवला. सकाळी तुरटपणा जाईपर्यंत धुऊन माठात भरला. बा दाढी करून तुरटी शोधत राहिला आणि मी पाणी गाळत बसले. थेंब टाकले. गुलाबी. थोडं थांबून पुन्हा पाहिलं, तरी गुलाबीच. बाहेर पोरींची गाणी चालली होती, मला त्यांच्यात जाऊन नाचावंसं वाटलं आणि मी गेले.

ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्यांना वाटतं, याडीला आतून विज्ञान ठाऊक होतं. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं घाणेरडं दिसलं म्हणून घासलं, आणि अर्ध्यावर सोडलं. पण तिची चूक नसती तर मी राखेकडे वळून पाहिलं नसतं, हेही खरं. चुलीपुढे वाढलेली पोर मी, पण यवतमाळला जाऊन बाटलीतल्या सोड्यावर विश्वास ठेवायला शिकले होते. सरांनी प्रयोगशाळेत सगळं पुन्हा करायला लावलं, पाण्यात ॲल्युमिनियम उतरतं का तेही तपासायला लावलं, आणि प्रबंधात लिहायला सांगितलं, "स्थानिक उपलब्ध क्षार." एवढ्या मोठ्या शब्दात याडीची राख कोणाला दिसणार?

पुढे तांड्यात धुण्याचे दिवस आपोआप ठरले. तीज, दसरा, दिवाळी, होळी. घर घासायचं तेव्हा कोळसा धुवायचा: आधी राख, मग साधं पाणी, मग तुरटी. राखेचं पाणी अंगणात न टाकता तांड्याबाहेरच्या खड्ड्यात. हे कोणाला लिहून द्यावं लागलं नाही. शेवटचं तुरटीचं धुणं कोणी विसरलं तर याडीच कंबरेवर हात ठेवून ओरडायची. तिची स्वतःची मान तोवर पार आखडली होती. ती काही सुटली नाही, आता सुटणारही नाही. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. मी काही वर्षं आधी जन्मले असते तर, असला वेडा विचारही येतो.

मला वणीला कॉलेजात नोकरी लागली आणि घरी जाणं कमी झालं. भाचीचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा वहिनीनं फोनवर कळवलं. नवे दात वर आल्यावर व्हिडिओ कॉल लावला, पण तांड्यात रेंज कुठे धड मिळते? पडद्यावर एक धूसर तोंड उघडलं आणि तिथेच गोठलं. मला काही दिसलं नाही. सुट्टी मिळेपर्यंत माझं कशातच लक्ष लागलं नाही. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना हात थांबायचा.

गेले तेव्हा ती अंगणात खेळत होती. मी तिला उन्हात उभं केलं आणि तोंड उघड म्हटलं. समोरचे दात मोठे आले होते, बोटाच्या नखाएवढे, कडांना करवती. पांढरे. एकाच्या कोपऱ्यावर खडूसारखा फिका ठिपका होता, तो मलाच दिसला, दुसऱ्या कोणाला दिसला नसता. बाकी सगळे पांढरे. मी हसत होते बहुतेक, कारण ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

"आत्या, तुह्ये दात काहून असे?"

ओट्यावर तूर निवडणारी याडी थांबली. आमच्या तांड्यात हा प्रश्न कोणा लेकरानं कधी विचारला नव्हता. आमच्यासाठी दात म्हणजे असेच दात. बाहेरच्या लोकांनी नजरेनं विचारला तेव्हा मी ओठ मिटून घ्यायची. या पोरीनं विचारला आणि मला तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटला.

"आमच्या टायमाले पानी दुसरं होतं," मी म्हटलं.

"मंग चांगलं पानी काहून नाई पेली?"

"होतंच नाई, बाई."

तिला ते पटलं नाही. ती आत धावली, माठाखाली पेला धरला आणि सांडत सांडत घेऊन आली. "आता पे," म्हणाली. मी सगळं प्याले. ती पुढ्यातच उभी राहिली, पेला रिकामा झाला तसं तिनं माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आणि पाणी लागू पडलं का ते वाकून बघू लागली.